२५च्या टाइमलाइनवर २४, ३० आणि ६०: फाइल क्यूसीतून परत येते तेव्हा

५४ मिनिटांचा माहितीपट होता. मुख्य चित्रीकरण सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं, अधूनमधून मोबाइलच्या क्लिपा आणि जुन्या टेपांवरून उतरवलेलं ५९.९४ फील्डचं (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी फ्रेम) संग्रहातलं चित्रण. वाहिनीची मागणी १०८० ओळी, इंटरलेस्ड (अशा फील्डनी रचलेलं), सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० फील्ड. मी सगळं उचलून एडिटिंग सॉफ्टवेअरच्या २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकलं, एक्स्पोर्ट मारला, माझ्या मॉनिटरवर पाहिलं, बरं वाटलं, पाठवून दिलं.

वाहिनीच्या क्यूसीतून, म्हणजे गुणवत्ता-तपासणीतून, फाइल तीनदा परत आली. पहिल्यांदा 'हालचाल अडखळते', दुसऱ्यांदा 'शेवटाकडे आवाज ओठांशी जुळत नाही', तिसऱ्यांदा 'फील्डचा क्रम उलटा'. प्रत्येक वेळी वाटलं की एक्स्पोर्टच्या खिडकीत कुठलं तरी बटण चुकलंय. मी बिटरेट वाढवला, कोडेक बदलला, एकदा तर अख्खा प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर नेऊन एक्स्पोर्ट केला. काहीही फरक पडला नाही, कारण चूक एक्स्पोर्टमध्ये नव्हतीच. फाइल टाइमलाइनवर पडली त्या क्षणीच ती झाली होती. आत नक्की किती फ्रेम आहेत हे मी पाहिलंच नव्हतं, नावावर विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून हेच दुखणं घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांच्या फाइली पाहिल्या. लक्षणं फिरून फिरून तीच असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी झटके मोजा

'अडखळतंय' एवढं सांगून निदान होत नाही. किती वेळा अडखळतंय ते मोजलं की बहुतेक वेळा रोग तिथेच कळतो. त्यासाठी कॅमेरा सावकाश आडवा फिरतोय असा किंवा कुणी एका गतीने चालत जातंय असा शॉट निवडा. बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर हे दिसत नाही, म्हणूनच मुलाखती बघून पास केलेली फाइल क्यूसीत अडकते.

बरोबर सेकंदाला एक झटका बसत असेल तर २४ची फाइल २५मध्ये टाकलीय आणि सॉफ्टवेअरने दर २४ फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवलीय. माझी पहिली तक्रार हीच होती. गंमत म्हणजे एकदा डोळ्याला दिसला की हा झटका नंतर दिसायचा थांबत नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागावी तसं होतं.

सेकंदाला पाच झटके, म्हणजे सतत एक थरथर, असेल तर ३०चं २५ केलंय आणि दर सहावी फ्रेम गाळलीय. मोबाइलच्या क्लिपांचं हमखास हेच होतं. आणि ६०चं २५ केलं असेल तर हिशेब पूर्णांकात बसतच नाही. सॉफ्टवेअर कधी दुसरी फ्रेम उचलतं, कधी तिसरी, आणि हालचाल पाय ओढत चालल्यासारखी दिसते.

झटका नाही, पण हलणाऱ्या वस्तूला दोन कडा दिसतात, मागे पुसटशी सावली राहते? मग कुणीतरी फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) लावलंय. वस्तूच्या कडा पाण्यासारख्या वितळतात, बोटं एकमेकांत मिसळतात? मग ऑप्टिकल फ्लो, म्हणजे हालचालीचा अंदाज घेऊन मधल्या फ्रेम नव्याने बनवणं. दोन्ही 'उपाय' म्हणूनच लावलेले असतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

बाण दाबून फ्रेम मोजणं

झटक्यांवरून अंदाज आला तरी मूळ फाइल एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायचीच. याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. मीडियाइन्फोसारखं साधन फाइलच्या माथ्यावर काय लिहिलंय ते सांगतं, आत काय आहे ते नाही.

माझ्याकडच्या एका क्लिपवर ३० लिहिलं होतं. एक मुलगा सायकल चालवत भिंतीसमोरून जातो, एवढाच शॉट. चाकाच्या तोटीवर नजर ठेवली आणि उजवा बाण एकेकदा दाबत गेलो. तोटी सरकली की कागदावर उभी रेघ, जागची हलली नाही तर आडवी. चार उभ्या, एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. पानभर हाच नमुना. म्हणजे मूळ चित्रीकरण २४चं होतं, मधे कुणीतरी ३०च्या प्रोजेक्टमध्ये टाकून दर चौथ्या फ्रेमची दुप्पट केली होती आणि मी तीच फाइल २५मध्ये कोंबत होतो. एकाच्या चुकीवर दुसऱ्याची चूक चढली होती. आधी त्या जास्तीच्या फ्रेम काढून २४ परत मिळवायचे, मग पुढचं बोलायचं.

दुसरा नमुना इंटरलेस्ड फाइलीत दिसतो: तीन फ्रेम स्वच्छ, दोन फ्रेममध्ये हलणाऱ्या कडांना कंगव्याचे दात, पुन्हा तीन स्वच्छ. ही ३:२ पुलडाउनची खूण. २४च्या चित्रपटाच्या चार फ्रेम दहा फील्डमध्ये वाटताना पहिलीला दोन, दुसरीला तीन, तिसरीला दोन, चौथीला तीन फील्ड दिली जातात. त्यांच्या पाच फ्रेम बनतात आणि त्यांतल्या दोनांत शेजारच्या दोन वेगळ्या क्षणांची सरमिसळ होते. अशी फाइल डीइंटरलेस करणं (फील्डमधून पूर्ण फ्रेम बनवणं) ही मोठी चूक. डीइंटरलेस केल्यावर दात जातात, पण दुप्पट झालेल्या फ्रेम तशाच राहतात, शिवाय अर्धा तपशील हातचा जातो. इथे फील्ड परत जुळवायची असतात. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनात आधी 'फील्डमॅच', मग 'डेसिमेट'. पहिला फिल्टर योग्य फील्ड एकमेकांशी जोडतो, दुसरा पाचातली एक जास्तीची फ्रेम काढतो. हातात स्वच्छ २३.९७६ येतं. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पुलडाउन काढायची सोय असते, पण ती सुरुवातीचा नमुना पाहून पुढे तोच गृहीत धरते. टेपवर उतरवल्यानंतर कुणी कापाकापी केली असेल तर प्रत्येक कटला नमुना बदलतो आणि तिचा अंदाज फसतो.

सगळ्याच फ्रेममध्ये दात आणि दोन्ही फील्डमध्ये वेगवेगळी हालचाल दिसली तर ते खरं इंटरलेस्ड चित्रण: जुने व्हिडिओ कॅमेरे, स्टुडिओ, सामने. आणि एकाही फ्रेममध्ये दात नसतील, पण फाइलवर 'इंटरलेस्ड' लिहिलेलं असेल तर घाबरू नका. २५ प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच क्षणाच्या पूर्ण, फ्रेम प्रत्येकी दोन फील्डमध्ये वाटून ५० फील्डच्या डब्यात ठेवल्यात, इतकंच. दूरचित्रवाणीवर हे रोज चालतं. अशा फाइलीवर डीइंटरलेसर लावू नका.

मोजायचा कंटाळा असेल तर एफएफएमपेगचा 'आयडेट' फिल्टर फाइलभर फिरून किती फ्रेम प्रोग्रेसिव्ह, किती वरचं फील्ड आधी, किती खालचं आधी ते आकड्यांत सांगतो. स्थिर दृश्यांमध्ये त्याला काही ठरवता येत नाही, त्यामुळे 'अनिश्चित'चा आकडा मोठा दिसला तर एखादा हालचालीचा तुकडा कापून त्यावर चालवा.

२९.९७ हा आकडा कुठून आला आणि तो का छळतो

हे माहीत असेल तर पुढचा परिच्छेद सोडा. पण आवाज सरकण्याच्या बहुतेक भानगडींचं मूळ इथे आहे.

विजेच्या वारंवारतेशी जुळवून घेत काही देशांनी सेकंदाला ५० फील्ड घेतली, काहींनी ६०. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं तेव्हा रंगाचा संकेत आणि ४.५ मेगाहर्ट्झवरचा आवाजाचा संकेत यांच्या एकमेकांत मिसळण्याने चित्रावर नक्षी उमटण्याचा धोका होता. तो टाळायला ओळींची वारंवारता हलकेच खाली आणली: ४.५ मेगाहर्ट्झ भागिले २८६. ५२५ ओळींच्या चित्राला त्यामुळे सेकंदाला ३०ऐवजी ३०००० भागिले १००१ फ्रेम मिळाल्या, म्हणजे २९.९७. कृष्णधवल संच तेच राहिले, त्यांना फरक कळला नाही. आपल्याला मात्र तो हजारातला एक भाग आजतागायत पुरतोय. २३.९७६ हे २४चं त्याच मापाने कापलेलं भावंड, ५९.९४ हे ६०चं.

हजारात एक म्हणजे तासाला ३.६ सेकंद. हा आकडा पाठ करून ठेवा. आवाज आणि चित्र सुरुवातीला जुळलेलं, शेवटी तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास फरक, असं दिसलं की दुसरं काही शोधू नका. कुणीतरी २४ला २३.९७६ किंवा ३०ला २९.९७ समजलंय.

टाइमकोडमध्येही (प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा क्रमांक) तेच. २९.९७च्या फाइलीत सरळ ३०-३० मोजत गेलं तर टाइमकोड घड्याळाच्या मागे पडतो. त्यावर तोडगा म्हणून ड्रॉप-फ्रेम मोजणी आली: दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे, फक्त दहाने भाग जाणारी मिनिटं सोडून. तासाला १०८ क्रमांक. गाळले जातात ते फक्त क्रमांक, चित्रातली एकही फ्रेम जात नाही. हे सांगावं लागतं, कारण 'ड्रॉप-फ्रेम बंद केलं, तरी फ्रेम गळतायत' अशी तक्रार मी एकाहून अधिक वेळा ऐकलीय. २५च्या जगात ही कटकटच नाही.

२४ किंवा २३.९७६ पासून २५: माझा पहिला आणि दुसरा फटका

पहिल्या तक्रारीवर, म्हणजे सेकंदाला एक झटका, जुना उपाय आहे आणि अजूनही तोच सगळ्यात चांगला: फ्रेमना हात लावायचा नाही, त्याच फ्रेम जरा भराभर दाखवायच्या. २४चं २५ केलं की वेग सुमारे ४.१७ टक्के वाढतो. एक तासाचा कार्यक्रम ५७ मिनिटं ३६ सेकंदांचा होतो. एकही फ्रेम नवी नाही, एकही दुप्पट नाही, झटका नाही. पन्नास फील्डच्या देशांत चित्रपट वर्षानुवर्षं असेच दाखवले गेले. प्रेक्षकाला वेग कळत नाही.

सॉफ्टवेअरला 'या क्लिपचा वेग २५ समज' असं सांगायचं असतं. प्रीमियरमध्ये ते 'इंटरप्रिट फुटेज'मध्ये आहे, डाविन्ची रिझॉल्व्हमध्ये क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये. टाइमलाइनवर आधी टाकून मग स्पीड १०४ टक्के केला तर काही खरं नाही. आकडा नेमका बसत नाही आणि सॉफ्टवेअर पुन्हा फ्रेम गाळायला-जोडायला लागतं.

मी हे केलं. ५४ मिनिटांचा माहितीपट ५१ मिनिटं ४७ सेकंदांचा झाला. झटका गेला. फाइल परत आली.

आवाज वेगळ्या स्टुडिओत मिक्स झाला होता. मी त्यांना 'वेग २५ भागिले २४ने वाढवा' असं कळवलं. त्यांनी अगदी चोख वाढवला. पण चित्र २४ नव्हतं, २३.९७६ होतं. म्हणजे आवाज ५१ मिनिटं ५० सेकंदांचा आला, तीन सेकंद लांब. पहिल्या मिनिटात फरक फ्रेम-दीड फ्रेमचा, कुणाच्या लक्षात येतोय! मी नेहमीप्रमाणे सुरुवातीची दोन मिनिटं आणि शेवटची श्रेयनामावली पाहिली होती, आणि नामावलीवर नुसतं संगीत होतं. शेवटच्या मुलाखतीत बाई बोलायच्या थांबतात, ओठ मिटतात, आणि आवाज पुढे तीन सेकंद चालूच. तो भाग क्यूसीवाल्यांनी पाहिला, मी नाही.

तेव्हा आवाजवाल्यांना कधीही नुसतं '२४' किंवा '२३.९८' कळवू नका. २३.९८ हा गोळाबेरीज आकडा आहे. तोच गुणाकारात घातला तर तासाला अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडतो. पूर्ण अपूर्णांक लिहा: २४००० भागिले १००१. वेगाचा गुणक म्हणून हवा असेल तर १.०४२७०८. आणि आलेली आवाजाची फाइल चित्रावर ठेवली की पहिलं काम म्हणजे दोन्हींची शेवटची टोकं जुळतात का ते बघणं. ती जुळली नाहीत तर ऐकायचीही गरज नाही.

सूर हा वेगळा प्रश्न. आवाज नुसता भराभर वाजवला की पट्टी पाऊण अर्धस्वराच्या जरा आत वर चढते. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनकडे सरकतं. पट्टी धरून ठेवणारी साधनं आहेत, एफएफएमपेगचं 'एटेम्पो' त्यातलंच. बोलण्यावर ती ठीक चालतात. तंतुवाद्यांवर, लांब घुमणाऱ्या सुरांवर मला अजून खरखर ऐकू येते. माझा कल असा: निवेदन आणि मुलाखती पट्टी सांभाळून, आसपासचे आवाज तसेच चढू द्यायचे, आणि संगीताचा निर्णय संगीतकारावर सोडायचा. सबटायटलं असतील तर त्यांच्या वेळांनाही तोच गुणक लागतो. ही गोष्ट सगळे विसरतात.

वेग वाढवून चालत नाही अशी कामंही असतात. जाहिरात ३० सेकंदांचीच हवी, २८.८ची पाठवून भागत नाही. नाचाचं किंवा गाण्याचं चित्रण दुसऱ्या एखाद्या २५च्या आवाजाला बांधलेलं असतं. तिथे कालावधी तोच ठेवून ५० फील्डमध्ये दर बाराव्या फ्रेमला एक जास्तीचं फील्ड देता येतं. सेकंदाला एका पूर्ण फ्रेमच्या गचक्याऐवजी अर्ध्या फ्रेमचे दोन हलके गचके बसतात, डोळ्याला सुसह्य. पण तीच फाइल पुढे वेबसाठी गेली तर कंगव्याचे दात घेऊनच जाईल, हे देतानाच सांगून ठेवा.

मोबाइलच्या क्लिपा

यांचा पहिला दोष ३० असणं हा नाही. त्यांचा वेग स्थिर नसतो. उजेड कमी झाला, फोन तापला की फ्रेममधलं अंतर बदलतं. मीडियाइन्फोत 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' असं दिसतं आणि खाली किमान-कमाल आकडे येतात. स्क्रीनचं रेकॉर्डिंगही बऱ्याचदा असंच असतं. अशी क्लिप थेट टाइमलाइनवर टाकली तर आवाज कधी पुढे, कधी मागे असा हेलकावतो, आणि कुठल्याच गुणकाने सरळ होत नाही. आवाजाचा फरक सारखा वाढत जात असेल तर आकड्यांचा घोटाळा, एकसारखा राहत असेल तर कुठेतरी सुरुवात सरकलीय, आणि लाटेसारखा कमी-जास्त होत असेल तर बदलता वेग. एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम झालं.

म्हणून आधी त्या क्लिपा त्यांच्याच वेगाला स्थिर करून घ्या: ३०च्या ३०ला, ६०च्या ६०ला. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडलं की होतं. थेट २५ला स्थिर करू नका, कारण मग ते साधन त्याच्या मनाने फ्रेम गाळतं आणि पुढे काही करायला वाव राहत नाही.

नंतर ३०चं २५ करायचं. शॉटमध्ये बोलणं नसेल तर मी सरळ वेग कमी करतो, म्हणजे ३०च्या फ्रेम २५ने दाखवायच्या. रस्ता, आकाश, झाडं, गर्दी हे सगळं मूळच्या ८३ टक्के वेगाने चालतं, जरा शांत दिसतं, बहुतेकदा आधीपेक्षा बरंच दिसतं. माझ्या माहितीपटातल्या मोबाइल क्लिपांपैकी निम्म्याहून जास्त अशाच सुटल्या. मात्र माणूस कॅमेऱ्याजवळून चालत जात असेल तर तो जड पायांचा वाटतो, तिथे हे नको.

बोलणं असेल तर नाइलाजाने नव्या फ्रेम बनवाव्या लागतात. स्थिर कॅमेऱ्यासमोरचा चेहरा असेल तर ऑप्टिकल फ्लो चांगलं काम करतं. हातवारे, जाळी, कुंपण, फिरणारी चाकं, पडणारं पाणी, चेहऱ्यासमोरून जाणारी वस्तू आली की ते गोंधळतं. आणि कट! क्लिपमध्ये आधीच कट असेल तर सॉफ्टवेअर दोन वेगळ्या शॉटच्या मधली फ्रेम 'कल्पून' काढतं आणि एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा उगवतो. म्हणून आधी कटवर तुकडे करा, मग प्रत्येक तुकड्याला वेगळं लावा. जिथे ते वितळतं तिथे तेवढ्याच तुकड्याला ब्लेंडिंग लावा, किंवा शॉटच बदला. अख्ख्या कार्यक्रमाला एकच पद्धत लावून मोकळं होणं हा मोह मोठा आहे. क्यूसीतून परत आलेल्या बहुतेक फाइलींमध्ये मला हाच दिसला.

कॅमेरा ५० देऊ शकत असेल तर पुढच्या वेळी ५० किंवा २५नेच चित्रीकरण करा, हे सांगायला नकोच. मोबाइलच्या कित्येक कॅमेरा अॅपांत २५ असतं, फक्त सेटिंगमध्ये खोल दडलेलं. आणि ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली ३०ने घेतलेल्या चित्रात उजेड लाटेसारखा कमी-जास्त होत असेल तर तो रूपांतराचा दोष नाही, शटरचा आहे. शटर १/५० किंवा १/१००ला ठेवलं असतं तर झालं नसतं. नंतर ते काढणं ही वेगळी डोकेदुखी.

५९.९४ फील्डचं जुनं चित्रण: तिसरा फटका

हा सगळ्यात किचकट भाग आणि इथेच मी सगळ्यात निष्काळजी होतो. डीव्ही या जुन्या डिजिटल टेपवरून आलेलं ४८० ओळींचं चित्रण मी थेट १०८० इंटरलेस्ड टाइमलाइनवर टाकलं आणि ताणून मोठं केलं. दोन चुका एका झटक्यात.

पहिली चूक फील्डच्या क्रमाची. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, १०८०मध्ये वरचं आधी. सॉफ्टवेअरने सगळंच वरचं आधी धरलं. माझ्या कॉम्प्युटरवर काही जाणवलं नाही, कारण तिथे प्लेअर फील्ड एकत्र करून दाखवतो. खऱ्या टीव्हीवर हात हलवणारा माणूस दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असा थरथरत होता.

हे कॉम्प्युटरवरही पकडता येतं. क्लिप 'प्रत्येक फील्डची एक फ्रेम' या पद्धतीने डीइंटरलेस करा, एकदा वरचं आधी धरून, एकदा खालचं आधी धरून. मग बाणाने पुढे सरका. बरोबर क्रमात हात एका दिशेने सरळ जातो. चुकीच्या क्रमात प्रत्येक दुसऱ्या फ्रेमला उलटा येतो. दहा फ्रेममध्ये उत्तर मिळतं, आणि एकदा पाहिलं की शंका राहत नाही.

सुधारताना मात्र एक भेद लक्षात घ्या. चित्र बरोबर आहे, नुसतं लेबल चुकलंय, तर लेबल बदला. चित्र खरंच उलट्या क्रमाने रचून नवी फाइल बनली असेल तर लेबल बदलून क्रम सुधारत नाही. तेव्हा चित्र एका ओळीने वर किंवा खाली सरकवावं लागतं, किंवा मूळ क्लिपपासून पुन्हा सुरुवात. मी सरळ मूळ क्लिपकडे गेलो.

दुसरी चूक ताणण्याची. इंटरलेस्ड फ्रेम जशीच्या तशी उभी ताणली की दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि बारीक दातांऐवजी जाड लाटा दिसतात. त्या मग कुठल्याही डीइंटरलेसरने निघत नाहीत. आकार बदलायच्या आधी डीइंटरलेस, हा क्रम मोडायचा नाही.

शेवटी मी असं केलं: आधी ५९.९४ फील्डच्या ५९.९४ पूर्ण फ्रेम केल्या, एफएफएमपेगमधल्या 'बीडब्ल्यूडीआयएफ'ने. मग आकार मोठा केला. मग हालचालीचा माग काढून त्यातून ५० फ्रेम बनवल्या. यासाठी 'एमइंटरपोलेट' आहे, पण ते भयंकर हळू चालतं, रात्रभर लावून झोपायची तयारी ठेवा. आणि शेवटी त्या ५० फ्रेममधून एकीचं वरचं, दुसरीचं खालचं फील्ड घेत ५० फील्डचं इंटरलेस्ड चित्र, वरचं आधी. हालचाल पुन्हा व्हिडिओसारखी सळसळीत झाली. मधेच २९.९७ फ्रेमवर थांबलो असतो तर अर्धी हालचाल तिथेच संपली असती आणि पुढे पाच झटक्यांचा खेळ पुन्हा सुरू झाला असता.

कुणी आधीच ५०चं ६० किंवा उलटं करून, फील्ड एकमेकांत कालवून दिलेलं चित्रण असेल तर त्यावर वेळ घालवू नका. प्रत्येक फ्रेममध्ये दोन क्षण कायमचे मिसळलेले असतात. ज्याने ते उतरवलं त्याच्याकडे मूळ टेप किंवा पहिली प्रत मागा. मागायला संकोच वाटतो, पण चार दिवस वाचतात.

टाइमलाइन उघडतानाच

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिली क्लिप आत यायच्या आधीच ठरवा, कारण एकदा मीडिया आत आला की तो आकडा बदलता येत नाही. पहिली क्लिप वेगळ्या वेगाची असली तर सॉफ्टवेअर 'प्रोजेक्टचा वेग बदलू का' असं विचारतं. घाईत 'हो' दाबणारे मी कितीतरी पाहिलेत, त्यात एकदा मीही होतो. तिथे 'नाही'च.

अक्षरं, पट्ट्या, सरकती श्रेयनामावली यांचं रूपांतर कधीही करू नका. पुन्हा बनवा, २५च्या टाइमलाइनवर, मोकळ्या चित्रावर. सरळ कडांच्या अक्षरांवर ऑप्टिकल फ्लोची सगळी पापं दिसतात. म्हणून एडिट संपलं की अक्षरांविना एक प्रत काढून ठेवायची सवय लावून घ्या.

पाठवण्याआधी मी आता तीन ठिकाणी थांबतो: पहिला मोठा पॅन शॉट (कॅमेरा आडवा फिरतो तो), मधला कुठलाही संग्रहातला तुकडा आणि शेवटचं बोललेलं वाक्य. एक मिनिटाचा नमुना पेन ड्राइव्हवर घालून साध्या टीव्हीवर लावतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून बघतो. जवळून डोळा तपशिलात अडकतो, लांबून हालचाल दिसते.

चौथ्यांदा फाइल पाठवली. चित्रावर एकही शेरा आला नाही. परत मात्र आली, आवाजाची पातळी वाहिनीने ठरवलेल्या -२३ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) वर होती म्हणून. ते एका दुपारीत झालं.